वाइंडिंग

अर्जात एक रकाना होता : आईचा व्यवसाय.
खिडकीतल्या बाबूनं वर न पाहता लिहिलं, गृहिणी.
मग माझ्या टक्क्यांकडं बघून म्हणाला,
"शिवणकाम आहे न पोरी, पार्लर आहे,
इलेक्ट्रिशियनले कायले जातं?"
मी म्हटलं, "जातो."
पाचपावलीत आम्ही पोट्ट्याही जातोच म्हणतो,
वहीत मात्र जाते लिहावं लागतं.
त्यानं पेन जरा थांबवलं, शिक्का मारला.

वर्गात वीस पोरं आणि मी.
बॉयलर सूट बेचाळीसच्याच मापाचा,
बाह्या चारदा दुमडून मनगट सापडायचं.
मुलींचं बाथरूम ऑफिसच्या इमारतीत,
म्हणजे मैदान ओलांडून,
म्हणजे एप्रिलपासून
पाणी मोजून पिणं हे माझं पहिलं प्रात्यक्षिक.
त्याला जर्नलमध्ये गुण नाहीत.
ढोमणे सर सहा महिने म्हणत राहिले,
"बेटा, बाजूले हो, शॉक लागन."
सातव्या महिन्यात पोरांनी बोर्ड जाळला
तेव्हा दारातूनच ओरडले, "आचल कुठं आहे?"

घरी आणलेली पहिली मोटर
शेजारच्या कुंभारे काकांच्या कूलरची.
पारा शेहेचाळीसवर, काका उघडेच ओट्यावर.
"दुकानातला पोट्टा पाचशे मांगते," म्हणून माझ्याकडं.
विश्वास वगैरे काही नव्हता.

छिन्नीनं जळकी तार तोडली,
काळे झुबके उपसले,
चोवीस खाचा ब्रशनं घासल्या,
प्रत्येकीत पिवळा कागद दुमडून बसवला.
इथपर्यंत ठीक.
पण तार गुंडाळायच्या यंत्राचा काउंटर जुना,
एकशे दहावर जाऊन अडकायचा.
तीनदा चुकले. तीनदा उलगडली.
तांब्याची तार उलगडली की परत सरळ होत नाही,
अंगात वळण धरून बसते.

आई मेथी निवडत होती.
म्हणाली, "तू फिरव. मोजतो मी."

मी फिरवत गेले. ती पानं खुडत गेली.
"थांब."
एकशे चाळीस.
दुसरी कॉइल. "थांब."
मध्येच कोणी दही मागायला आलं,
तिनं दिलं, त्यांच्या सुनेची चौकशी केली,
परत येऊन बसली. "थांब."
"अन् कडेला ढिली सोडू नको,
एकदा ढिली पडली का अख्खी कांडी सुटते."
कांडी म्हणाली ती.

माग होता तेव्हा बाबा विणायचे,
ती चरख्यावर कांड्या भरायची,
पहाटे चारला, स्वयंपाकाच्या आधी,
मला पोटात घेऊन,
मी झाल्यावर बाराव्या दिवशी.
सोसायटीच्या वहीत नाव बाबांचं,
लुगड्याची मजुरी बाबांच्या हातात,
कांडीची त्यातच धरलेली.
माग विकला, खड्ड्यावर फरशी बसवली.
अजून तिथून चाललं की पोकळ वाजते.
आई तेवढी एक फरशी चुकवून जाते.

रात्री नऊला मोटर बसवली.
बटण दाबलं. फिरली.
उलटी.
वाळ्याच्या टट्ट्यांतून सगळी हवा मागं अंगणात,
झोपलेला कुत्रा उठून बसला.
काका म्हणाले, "पाहा! म्हनलं होतं न मी."
गल्लीतले दोघंतिघं हसले.

मी बटण बंद केलं.
दोन टोकं सोडली,
लालच्या जागी काळं, काळ्याच्या जागी लाल,
पीळ दिला, टेप गुंडाळली.

काकांच्या छातीवरचे पांढरे केस हलले.
"पैसे उद्या देतो," म्हणाले, डोळे मिटूनच.

आई ओट्याच्या कडेला उभी होती,
वाऱ्याच्या थोडी बाहेर.
"सगळे मिळून किती फेरे झाले व?"
आठ कॉइल. अकराशे वीस, मी सांगितलं.

"इतकेच?" म्हणाली,
आणि भात उतरवायला आत गेली.